शाळेचा सांगाडा उभा, वर्ग नाहीत : कोल्हापुरातल्या एका अर्धवट हायस्कूलबद्दल

कोटीतीर्थकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय थेट मांडतो. आमच्या भागात सरकारी पैशातून एक माध्यमिक शाळा बांधायला घेतली. पाया झाला, जोतं झालं, तळमजल्याचा स्लॅब पडला, वरच्या मजल्यासाठी कॉलमचे गज वर काढून ठेवले आणि काम थांबलं. उघड्या गजांवरून पावसाळे गेले. कॉलमच्या बुडाशी रुई उगवली आहे. तळमजल्यावर रात्री बाटल्या घेऊन माणसं बसतात. कामाचं नाव, रक्कम आणि मुदत लिहिलेला फलक होता, तोही आता जागेवर नाही.

एक विनंती आधीच करतो. शाळेचं, भागाचं, खात्याचं किंवा ठेकेदाराचं नाव इथे कुणी लिहू नये. अर्ज-तक्रारी चालू आहेत, नावं लिहून भांडण वाढेल आणि काम बाजूला राहील.

आता मुलांचं सांगतो. आठवी ते दहावीचे वर्ग सध्या जवळच्या प्राथमिक शाळेत दुपारच्या सत्रात भरतात. सकाळी लहान मुलं, दुपारी ही. सुटायला सव्वासहा होतात, डिसेंबरात तोवर अंधार पडलेला असतो. बाकं पहिली-दुसरीच्या मापाची, त्यावर दहावीची मुलं गुडघे आखडून बसतात. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. मुलींच्या स्वच्छतागृहापुढे मधल्या सुट्टीत रांग लागते आणि काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे शिक्षिकांनी आम्हाला बैठकीत सांगितलं. हे ऐकून मी स्वस्थ बसू शकलो नाही, म्हणून हा धागा.

पालक कोण? शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कामगार, मार्केट यार्डातले हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बायका, रिक्षावाले. खासगी शाळेची फी त्यांना झेपत नाही. अनुदानित शाळा आहेत, पण लांब. मुलगा सायकल मारत जातो. मुलीच्या बाबतीत घरात वेगळा विचार सुरू होतो, आणि तो विचार कुठे जाऊन थांबतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. महानगरपालिका अधिनियमात प्राथमिक शाळा चालवणं कलम ६३ च्या आवश्यक कर्तव्यांत येतं. त्यापुढच्या शिक्षणाचा खर्च मात्र कलम ६६ च्या ऐच्छिक कामांत जातो. शहर कुठलंही असो, पैसे कमी पडले की ऐच्छिक गोष्टींना आधी कात्री लागते. हायस्कूलच्या इमारती अर्धवट राहतात त्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं.

आणि हे कोल्हापुरात व्हावं? शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याआधी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, कारण वर्ग असून उपयोग नाही, मुलाला राहायला छप्पर लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. दरवर्षी २६ जूनला आपण दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालतो. त्या शहरात दहावीच्या मुलीला बसायला बाक नाही.

मला एक गोष्ट फार दिवस छळते आहे. टोल हटवायला हे शहर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलं आणि टोल गेला. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी अख्खं गाव तिथे जमलं. मेन राजाराम हायस्कूल हलवायचा विषय निघाला तेव्हा माजी विद्यार्थी उभे राहिले. या शाळेसाठी कुणी का उभं राहत नाही? मला वाटतं कारण असं: टोल सगळ्यांना रोज लागत होता. शाळेची झळ एका घराला तीन वर्षं लागते. पोरगं आठवीत आलं की पालक जागे होतात, बैठका होतात, निवेदनं जातात आणि दहावी झाली की ते कुटुंब त्या प्रश्नातून बाहेर पडतं. पुढचे पालक पहिल्यापासून सुरुवात करतात. खात्याची फाइल मात्र तिथेच असते. या शाळेला माजी विद्यार्थी नाहीत, कारण शाळाच अजून झालेली नाही.

पालकांच्या बैठकीत दोन मतं पडली आहेत. एक म्हणतात, काहीही करा पण काम लगेच सुरू करा. दुसरे म्हणतात, इतका काळ उघड्यावर राहिलेल्या सांगाड्यावर मजला चढवायच्या आधी तपासा. बांधकामातल्या, कायद्यातल्या आणि शाळेतल्या जाणत्या लोकांनी कृपया लिहावं.

---

रंकाळा_वहिनी

दादा, माझी थोरली याच शाळंत हाय, नववीला. संध्याकाळी मी कामावरनं सुटून तिला न्यायला जाती. ज्या दिवशी मला उशीर हुतो त्या दिवशी ती फाटकाजवळच्या दुकानापाशी थांबती. तिच्या वर्गातल्या दोघींनी दिवाळीनंतर यायचंच सोडलं. एकीचं लगीन ठरीवलंय म्हणत्यात. वय किती असंल तुमीच बगा. इमारतीचं मला काय कळत न्हाई, पण सकाळची शाळा मिळाली तरी निम्मं काम हुईल.

---

ओव्हरसियर_निवृत्त

कोटीतीर्थकर, तुम्ही सांगितलेलं दुसरं मत, आधी तपासा म्हणणारं, बरोबर आहे. का ते सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी बांधकामावर गेली, त्यातल्या बऱ्याच शाळा.

सगळ्यात आधी गज. पाऊस लागलेल्या गजावर जी तांबूस पूड बसते तिला घाबरायचं कारण नाही, वायर ब्रशने निघते. पण पापुद्रे सुटायला लागले, बोटाने ओढले की तुकडे येतात, अशी अवस्था असेल तर गजाचा व्यास कमी झालेला असतो. १६ मिलीचा गज घासून साफ केल्यावर व्हर्नियरने (जाडी बारकाईने मोजायच्या पट्टीने) मोजा. कमी भरला तर त्यावर नवीन गज जोडून पुढे जाता येत नाही. कॉलमचं डोकं फोडून चांगल्या गजापर्यंत खाली जावं लागतं, किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइनने भोक पाडून रसायन भरून नवे गज बसवावे लागतात. गवंडी हे आपल्या मनाने करतील तर करू देऊ नका.

दुसरं, झालेलं काँक्रीट. ज्या दिवशी स्लॅब टाकला त्या दिवशी १५ सेंटिमीटरचे क्यूब भरले होते का, ७ आणि २८ दिवसांनी ते फोडले का, त्याचे दाखले फाइलमध्ये असलेच पाहिजेत. ते नसतील तर बिल कशाच्या जोरावर निघालं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. दाखले नसले तरी मार्ग आहे. रिबाउंड हॅमर (आपटून) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी सोडून) चाचणीने न फोडता अंदाज येतो, आणि शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढून फोडायचे. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, सांगतं की कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको.

तिसरं, टेकू कधी काढले ते. हे कुणी विचारत नाही आणि शाळांमध्ये इथेच घोळ होतो. वर्गखोलीचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) मोठा असतो, घरासारखा दहा फुटी नसतो. साडेचार मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू निदान १४ दिवस आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे २१ दिवस ठेवायचे असतात. पोझोलाना (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर त्याहून जास्त. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते. साइटवर कुणी जबाबदार माणूस नसेल तर आठव्या दिवशी टेकू निघतात, बीमला मधोमध बारीक भेगा पडतात, वरून गिलावा बसला की दिसत नाहीत. तुमच्या स्लॅबला अजून गिलावा नाही ना? मग हीच संधी आहे, आत्ता सगळं उघडं दिसतंय.

चौथं, भूकंप. आपल्याला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरून चालणार नाही. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि शाळेची इमारत साध्या घरापेक्षा दीडपट जोर धरून डिझाइन करायची असते. कॉलमच्या रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळलेले पाहिजेत. उघड्या कॉलममध्ये बघा. ९० अंशात नुसत्या दुमडलेल्या रिंगा दिसल्या तर फोटो काढून ठेवा, कारण जोराच्या धक्क्यात त्या उघडतात आणि कॉलम फुगून फुटतो.

घाईने मजला चढवला तर उद्या वरच्या वर्गात पन्नास मुलं बसणार आहेत, एवढं डोळ्यांपुढे ठेवा.

---

शिरोलीचा_बाप

काका, तुमचा अनुभव मान्य. पण माझा मुलगा आत्ता आठवीत आहे. तपासणी म्हणजे समिती, समिती म्हणजे अहवाल, अहवालावर अभिप्राय. पोरगं कॉलेजात जाईल तरी अहवाल येणार नाही. आम्ही "तपासा" म्हणून लेखी दिलं की त्यांना थांबायला लेखी कारण मिळतं. मला राग काका तुमच्यावर नाही, पण आमच्या भागातल्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

---

ओव्हरसियर_निवृत्त

तुमची भीती खरी आहे, मी ती खोडत नाही. म्हणून मागणी करतानाच मुदत घाला. हॅमर आणि अल्ट्रासॉनिकचं काम तळमजल्यासाठी काही दिवसांत होतं, कोअर फोडून अहवाल यायला काही आठवडे. शहरात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळा अशा चाचण्या करतात. समिती नेमायची गरजच नाही. "अमुक तारखेपर्यंत चाचणी, त्यानंतर अमुक दिवसांत काम सुरू" असं एकाच पत्रात, एकाच वाक्यात मागा. दोन वेगळी पत्रं दिलीत तर दोन वेगळ्या टेबलांवर जातील.

आणि २५ जुलै २०२५ विसरू नका. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला शाळेचं छत पडून सात मुलं गेली.

---

छोटा_ठेकेदार

मी या धंद्यात आहे, या कामाशी माझा संबंध नाही. ठेकेदार पळाला असं सगळे म्हणतात, पण काम का थांबतं ते आतून सांगतो.

निविदेत स्पर्धा इतकी असते की लोक अंदाजपत्रकाच्या वीस-पंचवीस टक्के खाली दर भरतात. खोदाई, पाया, काँक्रीट या सुरुवातीच्या बाबी कशाबशा बसतात. पुढे खिडक्या, फरशी, वायरिंग, प्लंबिंग आलं की त्या दरात माल येत नाही. मग माणूस पुढचं काम रेंगाळवतो. हे चूक आहे आणि मी त्याची बाजू घेत नाही. इतक्या खालच्या दराला जास्तीची सुरक्षा अनामत घ्यायचा नियम आहे तो याच्यासाठीच. ती घेतली होती का, ते विचारा.

दुसरी बाजू पैशाची. सरकारी बांधकामावरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. ज्या कामाला त्याआधी मंजुरी मिळाली होती त्याची रक्कम तिथेच अपुरी पडली. वाढीव रकमेसाठी सुधारित प्रशासकीय मान्यता लागते, आणि ती फाइल खालून वर आणि वरून खाली फिरत राहते. तोवर चालू बिल अडतं. २०२५ मध्ये राज्यभरातल्या ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली ती तुम्ही पेपरात वाचली असतील. मोठा ठेकेदार दुसऱ्या कामाचा पैसा इकडे फिरवतो. लहान माणूस सेंट्रिंग उचलतो आणि जातो, कारण शनिवारी मजुरांचा पगार त्याला द्यावाच लागतो.

म्हणून तुम्ही एकच गोष्ट नेमकी शोधा: काम ठेकेदाराने सोडलंय की निधी संपलाय? पहिल्यात ठेका रद्द करून उरलेल्या कामाची नवी निविदा आणि फरक जुन्या ठेकेदाराकडून वसूल. दुसऱ्यात पाठपुरावा पैशाचा, जिल्हा नियोजन समितीकडे नाहीतर मुंबईत. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. चुकीच्या दारात बसून उपोषण करून काही होत नाही, हे मी बघितलंय.

---

माहितीचा_पाठपुरावा

वरच्या प्रतिसादाला जोडून. हे सगळं शोधायला माहिती अधिकार आहे, पण आपले लोक अर्जात तक्रार लिहितात आणि उत्तर येतं "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही". अर्जात कागद मागायचे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीच्या) प्रती, आजवरची देयकं, क्यूब चाचणीचे दाखले. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. त्यामुळे पैशाचा अर्ज वेगळा, चाचण्यांचा वेगळा करा. फी दहा रुपये, उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. २००५ च्या कायद्यातल्या "माहितीचा अधिकार" या व्याख्येतच कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे दोन्ही येतं. म्हणजे नागरिक म्हणून तुम्ही त्या साइटवर अधिकृतपणे जाऊन पाहणी मागू शकता, वाळू-सिमेंटचा नमुना मागू शकता. फाटकावरच्या वॉचमनशी हुज्जत घालायची गरज नाही.

शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अर्ज करून महिनाभर थांबण्याआधी एका सोमवारी जाऊन फाइल समोर घेऊन बसा. मोजमाप पुस्तिकेतली शेवटची नोंद बघितली की काम कधी थांबलं ते तारखेसकट कळतं. पत्रात "अनेक वर्षांपासून" लिहिण्यापेक्षा ती तारीख लिहिलेली भारी पडते.

आणि अगदी टोकाला गेलंच तर उच्च न्यायालयासाठी आता मुंबईला जावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. त्यासाठी या शहराने चाळीस वर्षांहून जास्त लढा दिला, त्याचा उपयोग अशाच गोष्टींसाठी व्हायला हवा. कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो असं स्पष्ट म्हटलं आहे. अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार असं ते प्रकरण. निवेदनात त्याचा उल्लेख जरूर करा.

---

सुतारवाड्याकडचा

एक वेगळाच मुद्दा. ही जागा पूररेषेत आहे का? २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षित जागा बऱ्याचदा अशीच असते, सखल, नाल्याकाठची, बाकी कुणाला नको असलेली. आमच्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठलं की सामान बांधायला घेतात, ४३ म्हणजे धोका. २०१९ ला ५५ फुटांवर गेलं. पंचगंगा चढली की जयंती नाला उलटा येतो आणि व्हीनस कॉर्नरला पाणी उभं राहतं, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

निळ्या पूररेषेच्या (नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या) आत बांधकामाला बंदी आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दीच्या) मधे परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर लागतं. तुमचं जोतं किती उंच घेतलंय ते मोजून बघा.

---

कोटीतीर्थकर (धागाकर्ता)

जागा निळ्या रेषेच्या बाहेर आहे, ते नकाशावर बघितलंय. २०२१ ला रस्त्यावर पाणी होतं, प्लॉटच्या कोपऱ्याला लागलं होतं. जोत्याच्या उंचीचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता, तो पत्रात घेतो. जमीन काळी माती आहे, खाली मुरूम किती फुटांवर लागला ते माहीत नाही.

---

ओव्हरसियर_निवृत्त

काळी माती असेल तर पायाचा नकाशा मिळवाच. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया ठेवला की जोत्याला तिरकस भेगा जातात. खाली मुरमात नाहीतर खडकात पाया टेकवावा लागतो, किंवा अंडररीम पाइल (बुडाशी फुगीर केलेले खोल खांब) घ्यावे लागतात. इमारत इतका काळ रिकामी उभी आहे, म्हणजे तिने पावसाळे-उन्हाळे बघितलेत. जोत्याच्या पट्ट्याला भेगा नसतील तर ती चांगली खूण आहे. असतील तर त्यांच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख टाका. पट्टी तुटली म्हणजे हालचाल अजून चालू आहे.

---

फळा_आणि_खडू

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, दुसऱ्या शाळेत. इमारतीबद्दल इतकं बोलणं झालं, आतल्या दिवसाबद्दल थोडं लिहू का?

दोन सत्रांत शाळा भरली की प्रत्येक तासिका कापली जाते. प्रयोग करायला सलग दोन तासिका लागतात, त्या मिळत नाहीत. मग शिक्षिका टेबलावर एकदा करून दाखवते आणि मुलं वहीत निरीक्षणं उतरवून घेतात. दहावीला प्रात्यक्षिकाचे गुण असतात, ते मिळूनही जातात, पण अकरावी सायन्सला गेल्यावर त्या मुलाने ब्युरेट हातात धरलेलं नसतं. मी अशी मुलं बघितली आहेत. हुशार असतात, पहिल्या चाचणीनंतर गप्प होतात आणि दिवाळीत आर्ट्सला बदली मागतात. त्यांना वाटतं आपल्यातच कमी आहे. आर्ट्स वाईट म्हणून नाही सांगत, पण त्यांनी ते निवडलेलं नसतं, ते त्यांच्यावर येतं.

दुसरं म्हणजे जादा तास. खासगी शाळेत दहावीचे जादा तास सकाळी आठला सुरू होतात. या मुलांची खोली सकाळी लहान मुलांकडे असते. शिक्षक तयार असून बसवायचं कुठे?

रंकाळा_वहिनींनी सकाळच्या शाळेचं सुचवलंय, ते खरंच मागता येईल. इमारत होईपर्यंत निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी सत्रांची अदलाबदल करा, मोठी सकाळी आणि लहान दुपारी. लहानांना पालक न्यायला येतातच. त्यासाठी दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती लागेल. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, हे कायद्यातच आहे. म्हणजे प्राथमिकच्या पालकांना विश्वासात घ्या. हे इमारतीपेक्षा पुष्कळ लवकर होण्यासारखं आहे आणि त्यात एक पैसा लागत नाही.

---

पुण्यातला_पेठकर

वाचून वाईट वाटलं. मूळचा कोल्हापूरचाच. आम्ही बाहेर असलेले काही मित्र पैसे जमवू शकतो. वरचा मजला लोकवर्गणीतून का होऊ नये?

---

शिरोलीचा_बाप

मनापासून आभार भावा, पण वर्गणीने मजला नको. आज आम्ही मजला बांधला की उद्या शिक्षक पण तुम्हीच बघा म्हणतील. कर आम्ही पण भरतो. मदत करायचीच असेल तर चाचणीचा अहवाल वाचून दाखवणारा एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर तुमच्या ओळखीत असेल तर सांगा.

---

पुण्यातला_पेठकर

पटलं. वर्गमित्र आहे, शाळा-कॉलेजांचीच डिझाइनं करतो. अहवाल आणि नकाशे आले की मला व्यक्तिगत निरोप करा, तो बघून देईल. फी घेणार नाही.

---

कोटीतीर्थकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. बैठकीत हा धागा वाचून दाखवला. शिरोलीचा_बाप यांच्यासह सगळ्यांनी एकच पत्र द्यायचं ठरवलं. मसुदा असा आहे, सुधारणा सुचवा:

"उपरोक्त माध्यमिक शाळेच्या इमारतीचे काम अपूर्ण अवस्थेत बंद असून उघड्या लोखंडावर व काँक्रीटवर हवामानाचा परिणाम होत आहे. तरी झालेल्या बांधकामाची त्रयस्थ प्रयोगशाळेकडून चाचणी ३० दिवसांत पूर्ण करून अहवाल पालकांना द्यावा व त्यानंतर ३० दिवसांत दुरुस्तीसह काम सुरू करावे. काम थांबण्याचे कारण ठेकेदाराची कसूर आहे की निधीचा अभाव, हे लेखी कळवावे. जोत्याची उंची लाल पूररेषेच्या पातळीच्या वर असल्याचा दाखला द्यावा. इमारत पूर्ण होईपर्यंत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात माध्यमिकचे वर्ग सकाळच्या सत्रात भरवावेत व मुलींसाठी तात्पुरती जादा स्वच्छतागृहे तातडीने उपलब्ध करावीत."

सोमवारी दुपारी तीनला फाइल बघायला आम्ही पाच पालक जातोय. पत्र त्याच दिवशी आवकला देऊन शिक्का घेणार.

---

माहितीचा_पाठपुरावा

"हवामानाचा परिणाम होत आहे" याच्या आधी मोजमाप पुस्तिकेतली शेवटची तारीख घाला. म्हणजे आधी फाइल बघा, मग तारीख हाताने भरून पत्र द्या, जागा सोडून ठेवा. प्रत शिक्षण विभागालाही द्या, नाहीतर सत्र बदलायचं आमच्याकडे येत नाही असं उत्तर येईल.

---

ओव्हरसियर_निवृत्त

"चाचणी" एवढंच लिहू नका. "रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक व आवश्यक तेथे कोअर चाचणी, तसेच उघड्या गजांच्या व्यासाची मोजणी" असं लिहा. मोघम लिहिलं की कुणीतरी येऊन हातोडीने ठोकून जाईल. पाहणीची परवानगी मिळाली की मला कळवा, व्हर्नियर आणि टेप घेऊन येतो. तोवर कुणीही स्लॅबवर चढू नये, आणि मुलांना तळमजल्यावर खेळायला जाऊ देऊ नका.

---

रंकाळा_वहिनी

सोमवारी तीनला मी बी येती. मालकिणीला सांगून ठेवलंय. प्राथमिकच्या समितीत माझी जाऊ हाय, सकाळच्या शाळंचं तिच्याशी बोलले. ती म्हणाली पुढच्या बैठकीत विषय घेतो, फकस्त अर्ज लेखी पायजे. तो कुणी लिहून द्याल का?

---

फळा_आणि_खडू

वहिनी, मी लिहून देते. दोन्ही शाळांच्या सध्याच्या वेळा आणि वर्गांची पटसंख्या मला कळवा, आज रात्री मसुदा पाठवते.